क्रोसाँचे सत्तावीस पदर



ज्यानें छत्तीस वर्षें मुलांना अंकगणित आणि भूमिति शिकविली, त्यानें आज भटारखान्यांतल्या एका पदार्थावर बोलावयास यावें, हें ऐकून माझे जुने विद्यार्थी हंसत असतील. त्यांनीं खुशाल हंसावें. स्वयंपाकघराशीं माझा संबंध आजवर पाण्याच्या पेल्यापुरताच होता. तरीहि गेल्या वर्षीं मे महिन्यांत पॅरिस शहरांतील एका लहानशा खोलींत मी साडेतीन तास हातांत लाटणें घेऊन उभा होतों. तेथें जें थोडेंसें समजलें, आणि त्यांतलें बरेंचसें हातून काम बिघडलें म्हणूनच समजलें, तें आज सांगावयाचें आहे.

माझी मुलगी नोकरीनिमित्त तिकडे असते. चार-पांच दिवस मी चित्रशाळा, चर्च आणि पूल पाहत हिंडलों व रोज रात्रीं वहींत टिपणें लिहीत बसलों. तेव्हां ती म्हणाली, “बाबा, तुम्ही सगळें पाहतां आणि लिहून ठेवतां. एक दिवस हातांनीं कांहीं तरी करा.” तिनें मला न विचारतां पैसेहि भरून टाकले होते. शंभर युरोंच्या वर शुल्क ऐकून मीं तोंड वांकडें केलें, परंतु भरलेले पैसे बुडवणें हें शिक्षकाच्या स्वभावांत बसत नाहीं.

त्या शहरांत प्रवाशांसाठीं असे वर्ग पुष्कळ चालतात. 1895 सालीं निघालेल्या ‘ल कॉर्दों ब्लू’ या पाकशाळेचें नांव आपण ऐकलें असेल. तेथें धंदा शिकणारे लोक महिनोन् महिने राबतात. आमचा वर्ग म्हणजे अर्ध्या दिवसाचा खेळ. विद्यार्थी सहा, मध्यें संगमरवरी ओटा, आणि शिक्षिका माझ्या मुलीहून वयानें लहान. ती शिकवी इंग्रजींतून, पण कोणाचा हात चुकला कीं तिच्या तोंडून फ्रेंच निघे. त्यांतला ‘दूसमाँ’ हा शब्द माझ्या वांट्यास सर्वांत अधिक आला. त्याचा अर्थ ‘हळू’.

विषय होता क्रोसाँ. या शब्दाचा अर्थ चंद्रकोर. 1683 सालीं तुर्कांचा व्हिएन्नाचा वेढा उठला, त्या विजयाच्या आठवणीसाठीं तेथल्या पाववाल्यांनीं तुर्की निशाणावरील चंद्रकोर भाजून खाल्ली, ही कथा आमच्या वर्गांतहि एकानें सांगितली. कथा चटकदार आहे, पण तिला त्या काळचा पुरावा नाहीं. राणी मारी आंत्वानेतनें हा पदार्थ फ्रान्सांत आणला, या कथेचीहि तीच गत. पुरावा मिळतो तो ऑगस्ट झांग नांवाच्या एका ऑस्ट्रियन गृहस्थाचा. हा पूर्वीं तोफखान्यांतला अधिकारी. 1838-39 च्या सुमारास त्यानें पॅरिसच्या रिशल्य रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीचें पावाचें दुकान काढलें, आणि तेथल्या कोरीच्या आकाराच्या किप्फर्ल नांवाच्या पावाची पॅरिसकरांना गोडी लागली. पुढें हा गृहस्थ मायदेशीं परतला आणि 1848 सालीं त्यानें ‘दी प्रेस’ हें वृत्तपत्र काढलें. पण झांगच्या किप्फर्लला पदर नव्हते. यीस्टनें फुगणाऱ्या पिठांत लोण्याचे पदर घालून केलेला आजचा क्रोसाँ फ्रेंच भटाऱ्यांच्या हातून घडला, व तो रूढ झाला विसाव्या शतकाच्या आरंभीं.

आतां हे पदर पडतात कसे तें पाहूं. अर्धा किलो मैदा, थोडें मीठ, साखर, यीस्ट आणि दूध-पाणी यांचा गोळा मळून तो रात्रभर थंडींत ठेवतात. दुसऱ्या दिवशीं त्याचें चौकोनी पान लाटून त्यावर पाव किलो लोण्याची पातळ वडी ठेवतात आणि पाकिटासारखें पान मिटतात. मग तें लांबट लाटावयाचें व पत्राच्या कागदाप्रमाणें त्याची तिहेरी घडी घालावयाची. या घडीला फ्रेंच लोक ‘तूर’ म्हणतात. आपल्या डाळीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. लोण्याचा मूळ थर एक. पहिल्या घडीनंतर तीन, दुसरीनंतर नऊ, तिसरीनंतर सत्तावीस. भूमितिश्रेणीचें इतकें खमंग उदाहरण छत्तीस वर्षांत मला सुचलें नव्हतें. शेवटीं हें सर्व लाटून चार मिलिमीटर जाडीचें करतात, म्हणजे पिठाचा एक आणि लोण्याचा एक असे दोन थर मिळून मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढे उरतात. जाडसर कागदासारखे हे दोन थर, आणि त्यांनीं एकमेकांत मिसळावयाचें नाहीं! यीस्टशिवायच्या फ्रेंच पफ पेस्ट्रीला अशा सहा घड्या घालतात. तेव्हां लोण्याचे थर होतात 729. आपल्या भटारखान्यांतली खारी बिस्किटें याच कुळांतलीं.

या सर्वांत खरा नायक आहे लोणी, आणि तो फार लहरी आहे. युरोपांतील नियमाप्रमाणें लोण्यांत शेंकडा 80 तरी स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी 16 पेक्षां अधिक चालत नाहीं. पदरांसाठीं भटारी लोक 84 पर्यंत स्निग्धांशाचें लोणी मुद्दाम घेतात, कारण तें अधिक चिवट असतें. त्यांतलें जें थोडें पाणी असतें तेंहि कामास येतें. भट्टींत पान शिरलें कीं लोण्यांतल्या व पिठांतल्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारें सोळाशेपट जागा लागते. ती वरच्या पदराला ढकलते, आणि मध्यें लोण्याचा थर असल्यामुळें दोन पदर एकमेकांस चिकटूं शकत नाहींत. तूप घातलें तर हें जमत नाहीं. तुपांत पाणी जवळजवळ नसतें, शिवाय तें थंडींत रवाळ होऊन फुटतें आणि उबेंत वाहूं लागतें. लोणी मात्र साधारण बारा ते सोळा अंशांच्या दरम्यान मेणासारखें वांकतें. त्याहून थंड असेल तर पिठाखालीं त्याच्या कपच्या पडतात. अधिक गरम झालें तर तें पिठांत मुरतें, आणि सत्तावीस पदरांऐवजीं एक गोडसर पाव हातीं येतो. बत्तिसाच्या पुढें त्याचें पाणी होऊं लागतें, आणि माणसाच्या तळहाताची ऊबहि तेवढीच असते. म्हणून या कामांत हात लागेल तितका कमी लावावयाचा.

नेमकें हेंच मला साधलें नाहीं. दुसऱ्या घडीच्या वेळीं पान लाटतांना तें पुन्हां पुन्हां आखडूं लागलें. मैद्यांतले चिवट तंतु ताणले गेले कीं रबरासारखे मागें येतात, त्यांना विसांवा द्यावा लागतो, हें तिनें आधींच सांगितलें होतें. मीं तें वहींत लिहूनहि घेतलें होतें. तरी मला वाटलें, जोर कमी पडतो आहे. मीं अंगाचा भार टाकून लाटलें, आणि एका कोपऱ्यांतून पिवळें लोणी बाहेर आलें. तें आंत ढकलावें म्हणून बोटांनीं दाबलें, तर भोंक रुपयाएवढें झालें. माझ्या वर्गांत एखाद्या मुलानें असें केलें असतें तर चारचौघांत त्याला काय ऐकावें लागलें असतें, तें मला पुरतें ठाऊक होतें. म्हणून मी मान खालीं घालून उभा राहिलों. ती आली. त्या भोंकावर तिनें चिमूटभर मैदा शिंपडला, पान कागदांत गुंडाळून फ्रिजमध्यें ठेवलें आणि घड्याळाकडे बोट दाखविलें. वीस मिनिटें. त्यापलीकडे एक शब्द नाहीं.

तीं वीस मिनिटें मला जड गेलीं. माझी पत्नी जाऊन चार वर्षें झालीं. दर दिवाळींत ती चिरोटे करी, आणि आमच्या आळींत त्यांचें नांव होतें. थिजलेलें तूप परातींत हातानें फेसून पांढरें करावयाचें, त्यांत तांदळाची पिठी घालून साटा करावयाचा, पातळ पोळ्यांना तो फांसून त्या एकावर एक ठेवावयाच्या, वळकटी करून लाट्या कापावयाच्या. यानंतर ती लाट्यांवर ओला पंचा टाकून स्वस्थ बसे. मी अधूनमधून आंत डोकावून म्हणें, “अजून तळणीला सुरुवात नाहीं?” ती म्हणे, “साटा बसूं दे.” बस, इतकेंच. मला वाटे, हिचें कामच संथ. मीं एकदां तसें बोलूनहि दाखविलें होतें, आणि त्या वर्षीं तिनें घाईनें तळलेल्या चिरोट्यांचे पदर सुटले नव्हते. पाहुण्यांसमोर मींच त्यांना नांवें ठेवलीं होतीं.

साटा बसणें म्हणजे काय तें मला पॅरिसमध्यें फ्रिजच्या बंद दाराकडे पाहतांना कळलें. तूप पुन्हां घट्ट व्हावें, ताणलेलें पीठ सैल पडावें, दोघांनीं एकमेकांस सोसावें इतकी उसंत त्याला हवी असते. तुपाच्या पळण्याला ती पिठीनें आळा घाली. फ्रेंच भटारी तेंच काम थंडीवर सोंपवितो. चिरोट्यांत यीस्ट नाहीं, आणि तळण भट्टीहून निराळें, हें खरें. पण तिची ओल्या पंचाची रीति आणि या मुलीची वीस मिनिटें यांत मला तरी भेद दिसला नाहीं.

वर्गाचा उरलेला भाग सोपा होता. आम्हीं घड्या घातलेलें पीठ त्या दिवशीं भाजावयाचें नव्हतेंच, तें दुसऱ्या दिवशींच्या विद्यार्थ्यांसाठीं. आमच्यापुढें आलें तें आदल्या दिवशीं कोणा अनोळखी लोकांनीं लाटून ठेवलेलें. माझें भोंकाचें पान कोणाच्या वांट्यास आलें असेल, त्याची मनोमन क्षमा मागतों! त्या पिठाचे लांबट त्रिकोण कापले, पायाशीं लहानशी चीर दिली व न दाबतां ते गुंडाळले. टोंक खालीं दबलें पाहिजे, नाहीं तर भट्टींत गुंडाळी उलगडते. मग पंचवीस-सव्वीस अंशांच्या उबेंत दोन तासांच्या आसपास फुगवण. सोय अशी कीं, सकाळीं तिनें स्वतः वळून ठेवलेले तयार होते, तेच आम्हीं भाजले, आणि आमचे डब्यांत घालून घरीं नेले. वरून अंडें फांसतात तें फक्त माथ्यावर. कापलेल्या कडेला लागलें तर पदर चिकटून बसतात. मी अंडें खात नाहीं असें सांगतांच तिनें माझ्यासाठीं दुधाची वाटी पुढें केली. तकाकी कमी आली, इतकेंच. सुमारें एकशेंनव्वद अंशांवर पंधरा-सतरा मिनिटें, आणि मग जाळीवर निवेपर्यंत पुन्हां थांबणें.

आपल्यापैकीं कोणी तिकडे जाणार असेल व असा वर्ग घेणार असेल, त्यानें आधीं एवढें विचारून घ्यावें: हातानें करावयास मिळतें कीं नुसतें पाहावयाचें? दोन्हींना वर्ग असेंच म्हणतात. शाकाहारी मंडळींनीं अंड्याबरोबर जिलेटिनचीहि चौकशी करावी. तें प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून निघतें आणि पुष्कळशा क्रीममध्यें असतें. पीठ घरीं नेणार असाल तर वर्गानंतर चित्रशाळा पाहावयास जाऊं नये. आणखी एक. 25 मे 1998 च्या कायद्याप्रमाणें फ्रान्सांत ‘बूलांजरी’ ही पाटी लावणाऱ्यानें पाव तेथेंच मळून भाजावा लागतो. पण ही सक्ती पावाची आहे, क्रोसाँची नाहीं. कारखान्यांतून गोठवून आलेले क्रोसाँ भाजून विकणारीं दुकानें पुष्कळ आहेत. ‘ओ बेर’, म्हणजे लोण्याचा, असें लिहिलेला घ्यावा. तो बहुधा सरळ असतो आणि मार्गारिनचा वांकडा, पण ही चाल आहे, नियम नव्हे. खरी परीक्षा कापल्यावर: आंत पोळ्यासारखीं मोठीं, पातळ भिंतींचीं घरें दिसलीं कीं समजावें, कोणी तरी वेळ दिलेला आहे.

पुण्यास परतल्यावर मे-जूनमध्यें हा खटाटोप करण्याची सोय नव्हती. जानेवारीपर्यंत थांबलों. एके दिवशीं पहाटे पांचला भिंतीवरचा उष्णतामापक चौदा दाखवीत होता. ओट्याची शहाबादी फरशी ओल्या फडक्यानें पुसून घेतली आणि पत्नीचें जुनें लाटणें काढलें. सूनबाई दारांत उभी राहून पाहत होती, पण बोलली नाहीं. प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रिज, आणि मी खुर्चींत. शेवटीं पानाची कड कापली व ती पट्टी भिंगाखालीं धरून पदर मोजले. सत्तावीस भरले नाहींत. एकोणीस स्पष्ट दिसले; उरलेले आठ कोठें तरी मुरले असावेत. नऊच्या सुमारास ओव्हनमधून सहा क्रोसाँ निघाले. दोन पावासारखे बसले होते, चार बरे होते. त्यांतले दोन नातवंडांनीं निवण्यापूर्वींच पळविले.