घाटरस्त्यावरचा साक्षीदार : मोटारीतील कॅमेरा निवडताना आणि त्याला वीज पुरवताना

बीड शहर मागे टाकून सोलापूरच्या दिशेने निघालेले वाहन पालीजवळचा बिंदुसरा प्रकल्प ओलांडते आणि बालाघाटाचा चढ चढू लागते. घाट संपतो तेथे मांजरसुंबा. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आणि पाटोद्याहून केज, अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता यांचा हा चौक. पुण्या-मुंबईहून मराठवाड्यातील गावाकडे निघालेल्या मोटारी रात्री-अपरात्री येथे चहासाठी थांबतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांना घेऊन ट्रॅक्टर याच रस्त्यांवरून निघतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर अवघा संसार, आणि शेवटच्या ट्रॉलीला दिवा असेलच याची खात्री नाही. अशा रस्त्यावर अंधारात एखादे वाहन धडक देऊन निघून गेले, तर पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच : गाडीचा क्रमांक कोणी पाहिला का?

या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. धडक देणारे वाहन सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. वाहनाची ओळख पटली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांच्या हिशेबाने भरपाई मागता येते. ही रक्कम कितीतरी अधिक असू शकते. १४ ऑगस्ट २०२२ रोजी बीडहून मुंबईला जाताना द्रुतगती मार्गावर झालेल्या अपघातात विनायक मेटे यांचे निधन झाले, तेव्हाही धडकेपूर्वी नेमके काय घडले यावरून बरेच तर्कवितर्क झाले होते. काचेमागे बसवलेला छोटा कॅमेरा, म्हणजेच डॅशकॅम, अशा वेळी साक्षीदार ठरू शकतो. मात्र तो चालू असला पाहिजे आणि त्याला क्रमांक दिसला पाहिजे.

दुकानात गेल्यावर ग्राहकाला प्रथम पिक्सेलचे आकडे ऐकवले जातात. त्यांना फार भुलू नये. दिवसा चांगला १०८० पी कॅमेराही समोरच्या गाडीची पाटी वाचू शकतो. २के किंवा ४के चित्रणाने ती अधिक अंतरावरून वाचता येते, इतकेच. खरी परीक्षा रात्रीची. अंधारात कॅमेऱ्याला प्रत्येक चित्र टिपण्यासाठी अधिक वेळ प्रकाश घ्यावा लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाच्या तिसाव्या भागात सुमारे पाऊण मीटर पुढे सरकते. तेवढ्या काळात टिपलेली पाटी पुसट होणे स्वाभाविक आहे. त्यात १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या वाहनांना बंधनकारक असलेली उच्च सुरक्षा पाटी परावर्तक असते. हेडलाइटच्या झोतात ती पांढरीशुभ्र चकाकते आणि अक्षरे नाहीशी होतात. म्हणून कमी प्रकाशासाठी बनवलेला सेन्सर (सोनीचा ‘स्टारव्हिस’ हा त्यांपैकी परिचित) आणि उजेड-अंधाराचा तोल सांभाळणारी एचडीआर सुविधा यांना पिक्सेलपेक्षा अधिक महत्त्व द्यावे. दृष्टिकोन १३० ते १४० अंशांचा पुरे. त्याहून रुंद भिंगात प्रत्येक वस्तू लहान दिसते आणि पाटीही.

इतके करूनही रात्री क्रमांक टिपला जाईलच असे नाही. यावर एक साधा उपाय आहे. कॅमेऱ्याचा ध्वनिमुद्रक चालू ठेवावा आणि दिसलेला क्रमांक चालकाने त्याच क्षणी मोठ्याने उच्चारावा. घाबरलेल्या माणसाची स्मृती दहा मिनिटांत दगा देते. मुद्रित झालेला आवाज जागेवर राहतो.

आता विजेचा प्रश्न. कॅमेरा निवडण्यात आठवडा घालवणारे गृहस्थ त्याची वायर मोबाइलच्या कुठल्याही चार्जरला जोडून मोकळे होतात, आणि तेथेच घोटाळा होतो. लायटरच्या सॉकेटमधून वीज घेणे सर्वांत सोपे. परंतु खराब रस्त्यावरील हादऱ्यांनी पिन सैल होते आणि कॅमेरा बंद पडल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही. चार्जर कॅमेऱ्यासोबत आलेलाच वापरावा. तो कमी क्षमतेचा असेल तर कॅमेरा मध्येच बंद होतो व चित्रफिती खराब होतात. ट्रक व बसमध्ये २४ व्होल्टची यंत्रणा असते, त्यामुळे तेथे १२ आणि २४ अशा दोन्हींवर चालणाराच चार्जर हवा.

अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे फ्यूजबॉक्समधून थेट जोडणी. त्यासाठी वायर कापावी लागत नाही; ‘फ्यूज टॅप’ नावाचा छोटा जोड मिळतो. वायर कापून जोड दिल्यास पुढे वॉरंटीबाबत वाद उद्भवू शकतो, म्हणून कारागिराला हे आधीच बजावावे. एअरबॅग वा ब्रेकच्या फ्यूजला हात लावू देऊ नये. काचेलगतच्या खांबातून वायर नेताना ती पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या मागून जावी, पुढून नव्हे.

गाडी उभी असतानाही चित्रण हवे असेल तर हिशेब करावा लागतो. कॅमेरा साधारण ०.३ अँपिअर वीज घेतो असे धरले, तर चोवीस तासांत सात अँपिअर-तासांहून अधिक वीज खर्च होते. लहान मोटारीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची. गावी जाऊन तीन दिवस गाडी हलवली नाही, तर चौथ्या दिवशी ती ढकलावी लागण्याची वेळ येऊ शकते. म्हणून विशिष्ट व्होल्टेजला पुरवठा तोडणारा संचच घ्यावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि १२.२ वर ती निम्मी रिकामी झालेली असते. बहुतेक संचांत ११.८ व्होल्टचा पर्याय दिलेला असतो. जुन्या बॅटरीच्या मालकांनी त्याच्या वाटेला न जाता १२.२ च्या आसपासचा पर्याय निवडावा.

कॅमेऱ्याच्या आतही विजेचा थोडा साठा असतो. अपघातात मुख्य पुरवठा तुटला, तर शेवटची चित्रफीत नीट बंद करण्यापुरती काही सेकंदांची वीज हा साठा देतो. स्वस्त कॅमेऱ्यांत यासाठी लिथियम बॅटरी असते. बीडच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या मोटारीत त्याहून कितीतरी अधिक तापते. अशा उष्णतेत ही बॅटरी फुगते. तिच्याऐवजी सुपर कपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा. मराठवाड्यात फिरणाऱ्या गाडीसाठी याबाबत तडजोड करू नये.

कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे असावे, कारण त्यावर अखंड लिहिले-पुसले जाते. १०८० पी चित्रणाला ६४ जीबीचे कार्ड साधारण नऊ तास पुरते. त्यानंतर जुने पुसून नवे लिहिले जाते. धक्का बसताच चित्रफीत जपून ठेवणारा सेन्सर मंद संवेदनेवर ठेवावा, नाहीतर प्रत्येक गतिरोधक अपघात म्हणून नोंदला जातो आणि कार्ड भरून जाते. जीपीएस असल्यास वेळ अचूक राहते. स्वतःचा वेगही त्यात नोंदवला जातो, हे मात्र विसरू नये.

अपघात घडलाच, तर कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवावे. चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई नको. मूळ कार्ड जपावे. या बाबतीतला महत्त्वाचा निकाल शेजारच्या जालन्याच्याच वादातून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत भरला गेला की नाही, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रण हा होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर न करता प्रत सादर करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचे झाले असून दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची स्वाक्षरी लागते. त्यामुळे कार्ड पोलिसांकडे देताना त्याचा पंचनाम्यात उल्लेख करून घ्यावा आणि स्वतःजवळ प्रत ठेवावी.

कॅमेरा आरशाच्या मागे, चालकाची नजर अडणार नाही असा बसवावा. बसवून झाल्यावर एकदा रात्री बीड ते मांजरसुंबा असा फेरा करावा, घरी येऊन कार्ड संगणकावर लावावे आणि घाटात समोरून आलेल्या किती गाड्यांचे क्रमांक वाचता येतात ते मोजावे. दुकानदाराकडे कॅमेरा बदलून मागण्याची मुदत संपण्यापूर्वी हे उरकलेले बरे.