सावरीचे काटे

वर्धा जिल्ह्याच्या रानात काटेसावर कुणी पाहिली नाही? तिच्या कोवळ्या खोडावर जाड बुडाचे, टोकदार काटे असतात. तरुणांच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांना सुश्रुतसंहितेत नेमकी याच काट्यांची उपमा दिली आहे. तेव्हा मुरूम हे काही आजकालच्या वडापाव-चिप्सचे पाप नव्हे!

मी बँकेत असताना शिष्यवृत्तीची खाती उघडायला कॉलेजची मुले येत. फॉर्मला फोटो चिकटवताना कितीतरी मुली गालावर ओढणी धरून उभ्या असत. घरी ऐकावे लागे, 'तोंड धूत नाहीस', 'उष्णता पडली'.

खरा प्रकार निराळा आहे. वयात येताना शरीरात अँड्रोजेन नावाची संप्रेरके वाढतात, मुलांत तशी मुलींतही. त्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचे बूच बसते आणि तेल आत तुंबते. हे बूच उघडे राहिले तर काळे दिसते. पण तो मळ नव्हे, त्वचेतलेच रंगद्रव्य. मग एरवी सर्वांच्याच त्वचेवर राहणारे जिवाणू आत वाढतात, सूज येते, पू होतो. आई-वडिलांना मुरूम आले असतील तर मुलांना येण्याचा संभव अधिक. चेहरा खसाखसा घासून काही साधत नाही. फोडले तर खड्डा कायमचा राहू शकतो.

खरी भीती आहे ती कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबची. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मुरूम पुन्हा उसळतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती उगाच नव्हे. योग्य औषधाचा गुण दिसायलाही दीड-दोन महिने लागतात. तेवढा धीर धरावा. सेवाग्राम आणि सावंगी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचे डॉक्टर आहेत.

याच जिल्ह्यात १९३६ साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची स्वतः शुश्रूषा केली. कातडीवरून माणूस जोखू नये, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही. तेव्हा घरातल्या पंधरा वर्षांच्या लेकीला टोमणे मारू नका. तिला दवाखान्यात न्या.