सोबतीचा पुरावा

ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसासाठी नुसता लग्नाचा दाखला पुरत नाही, हे इथल्या बऱ्याच मराठी घरांत उशिरा कळतं. लग्न झालेल्यांनाही संसार खरा असल्याचं दाखवावं लागतं. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना, म्हणजे इथल्या भाषेत ‘डी फॅक्टो’ जोडप्यांना, जवळपास तीच कसोटी लागते. मोठा फरक हा की त्यांच्याकडे दाखला नसतो, म्हणून सगळा भार रोजच्या जगण्याच्या खुणांवर पडतो.

मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. ओळखीतल्या जोडप्यांच्या फायली लावायला मदत करणं आणि साक्षीदार म्हणून त्यांच्याबद्दल लिहून देणं, हे काम हळूहळू माझ्याकडे आलं. सल्ला देणं नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचं किंवा वकिलाचं काम आहे, ते मी करत नाही. मी कागद वाचते, तारखा जुळवते, कुठे काय राहिलंय ते दाखवते. हे करताना जे दिसलं ते लिहावंसं वाटलं, कारण या फायलींमध्ये आपल्या घरांबद्दलही बरंच कळतं.

अशाच एका जोडप्यातली मुलगी साताऱ्याची, मुलगा नाशिकचा. तो आधी आला, नागरिक झाला. ती शिकायला आली, मग नोकरीला लागली. ओळख झाली, जीव जडला, आणि मेलबर्नमधल्या फुटस्क्रेला दोघांनी एक छोटं युनिट भाड्याने घेतलं. तिच्या विद्यार्थी व्हिसानंतरच्या व्हिसाची मुदत संपत आली, तेव्हा दोघं लॅपटॉप आणि कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले.

१९५८च्या मायग्रेशन ॲक्टमध्ये डी फॅक्टो नात्याची व्याख्या आहे. दोघांनी एकमेकांशी, इतर कुणाला मध्ये न आणता, आयुष्य वाटून घ्यायचं ठरवलेलं असावं. नातं खरं आणि चालू असावं. दोघं एकत्र राहत असावेत, किंवा निदान कायमचे वेगळे राहत नसावेत. शिवाय अर्जाच्या आधी हे नातं किमान १२ महिने टिकलेलं असावं लागतं. व्हिक्टोरियासारख्या राज्यात नात्याची नोंदणी करता येते, आणि ती केली तर १२ महिन्यांची अट सुटते. नातं खरं असल्याचं दाखवण्याची जबाबदारी मात्र नोंदणीनेही सुटत नाही.

ते दाखवायचं कसं, यासाठी नियमांनी चार बाजू आखून दिल्या आहेत: पैसा, घर, समाज आणि बांधिलकी. आम्ही जेवणाच्या टेबलावर कागदांचे चार गठ्ठे केले.

पैशाचा गठ्ठा सगळ्यांना सोपा वाटतो. जॉइंट अकाउंट उघडलं की झालं, असा समज असतो. पण अर्जाच्या आदल्या महिन्यात उघडलेल्या खात्यापेक्षा वर्षभर चालवलेल्या साध्या हिशेबातून जास्त कळतं. त्याच्या खात्यातून भाडं जायचं, तिच्या कार्डावर किराणा आणि विजेचं बिल, आणि महिन्याच्या शेवटी ती त्याला उरलेला फरक पाठवायची. प्रत्येक व्यवहारापुढे तिने ‘वीज’, ‘डाळ-तांदूळ’, ‘तुझा दात’ असं काहीतरी लिहिलेलं होतं. हे पान मी सगळ्यात वर ठेवायला सांगितलं. दोन माणसं एकमेकांचा खर्च उचलतात, एकाच्या दाढदुखीचे पैसे दुसऱ्याच्या हिशेबात येतात, हे त्या पानावर सरळ दिसत होतं. त्याने आपल्या सुपरच्या, म्हणजे निवृत्तीच्या निधीच्या कागदांवर तिचं नाव वारस म्हणून घातलं होतं. तेही त्याच गठ्ठ्यात गेलं.

घराच्या गठ्ठ्यात पहिला कागद लीज. दोघांची नावं लीजवर आणि भाड्याच्या अनामतीच्या, बॉन्डच्या पावतीवर असली की मोठं काम होतं. या दोघांच्या लीजवर एकट्या त्याचं नाव होतं. ती राहायला आली तेव्हा नाव घालून घ्यायचं राहून गेलं. मग तिचा पत्ता सांगणारे बाकीचे कागद शोधले: बँकेची पत्रं, डॉक्टरकडची नोंद, नोकरीच्या ठिकाणी दिलेला पत्ता. घरकाम कोण कसं करतं हेही विचारात घेतात, म्हणून दोघांनी ते आपापल्या निवेदनात लिहिलं. तो कपडे धुतो आणि कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवतो. स्वयंपाक आलटूनपालटून. तिची रात्रपाळी असली की तो डबा भरून ठेवतो. ही निवेदनं मी दोघांना वेगवेगळं बसवून लिहायला लावते. भेट कधी झाली, एकत्र राहायचं कधी ठरलं, मध्ये कधी लांब राहावं लागलं, पुढे काय करायचंय, हे ज्याचं त्याने लिहावं. दोघांच्या आठवणीत तारखेचा फरक निघाला तर एकमेकांना विचारून, जुने मेसेज बघून खरी तारीख शोधावी.

चौथा गठ्ठा बांधिलकीचा. तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सहा आठवडे साताऱ्याला होती. त्या काळातले रोजचे मेसेज आणि कॉलची यादी यात लावली. सगळ्या गप्पा जोडायच्या नसतात. फायलींच्या संख्येला मर्यादा असते, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या वेळेलाही. महिन्यातलं एखाद-दुसरं पान पुरतं, पण ते सलग प्रत्येक महिन्याचं असावं.

सगळ्यात बारीक राहिला तिसरा गठ्ठा, समाजाचा. मित्रांसोबतचे, सहलीचे, इथल्या गणेशोत्सवातले फोटो होते. भारतातल्या घरच्यांसोबतचा एकही नव्हता. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “काकू, घरी सांगितलंच नाहीये. मैत्रिणीबरोबर राहते असंच ठाऊक आहे त्यांना. व्हिडिओ कॉल आला की तो आतल्या खोलीत जातो.” लीजवर तिचं नाव का राहिलं, तेही तेव्हा कळलं. कुणी कागद बघेल, कुठून तरी घरी कळेल, ही धास्ती होती.

हे याच दोघांचं आहे असं नाही. आपल्या मुलामुलींच्या फायलींत ही जागा मला पुन्हा पुन्हा रिकामी दिसते. इथल्या नियमांत विचारलेलं असतं की नातेवाईक आणि मित्र या दोघांना जोडपं म्हणून ओळखतात का, दोघं मिळून कार्यक्रमांना जातात का. घरच्यांपासून जपून ठेवलेल्या नात्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. अशा वेळी रिकामी जागा झाकण्याचा मोह होतो. कुणी घाईने साखरपुड्यासारखे फोटो काढायला सुचवतं. तसं अजिबात करू नये. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर अर्ज नाकारला जातो आणि ३ वर्षांची बंदी येऊ शकते. अर्जाची फी ९ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त आहे, आणि नकार आला तर ती सहसा परत मिळत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खऱ्या नात्याला खोट्याची गरज नसते. लपवलं असेल तर का लपवलं हे साध्या शब्दांत लिहावं. तिने लिहिलं.

मी माझा फॉर्म ८८८ भरला. अर्जासोबत अशी किमान दोन निवेदनं लागतात, जोडप्याला जवळून ओळखणाऱ्यांची. मी या दोघांना कशी ओळखते, कितीदा भेटते, नातं खरं वाटतं का आणि कशावरून, असे प्रश्न त्यात असतात. ‘दोघं फार छान आहेत’ अशा वाक्याचा काही उपयोग होत नाही. तिला ताप आला तेव्हा तो माझ्याकडून मऊ भात घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही, हे मी पाहिलेलं होतं, म्हणून ते लिहिलं. जे पाहिलं नाही ते लिहिलं नाही.

हे सगळं परक्या देशाचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपला कायदाही बघावा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे. असं नातं ओळखायचं कसं, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली इंद्रा सरमा खटल्यात दिले: किती काळ एकत्र राहिले, घर एक होतं का, पैसा एकत्र वापरला का, घरकाम कसं चालायचं, लोकांत जोडपं म्हणून वावरले का, मनात काय होतं. मेलबर्नमधल्या माझ्या टेबलावर हेच गठ्ठे होते. दोन्हीकडच्या कायद्याला कळलंय की संसार रोज केलेल्या कामांनी आणि घेतलेल्या जबाबदाऱ्यांनी उभा राहतो.

आणि हे कागद नसले तर झळ सहसा बाईला बसते. हा व्हिसा दोन टप्प्यांत मिळतो. आधी तात्पुरता, मग अर्जाच्या तारखेपासून साधारण दोन वर्षांनी कायमचा, आणि त्या वेळी नातं चालू असल्याचं पुन्हा दाखवावं लागतं. मध्येच जोडीदाराच्या मारहाणीमुळे नातं तुटलं, तरी तात्पुरता व्हिसा असलेल्या बाईला कायमच्या व्हिसाचा मार्ग कायद्याने खुला ठेवला आहे. पण त्यासाठीही ते नातं खरं होतं हे तिला दाखवता आलं पाहिजे. लीजवर नाव नाही, बिलावर नाव नाही, माहेरी कुणाला ठाऊक नाही, अशी बाई त्या दिवशी काय दाखवणार? म्हणून प्रत्येक मुलीला मी सांगते की पहिल्या दिवशी लीजवर नाव घाल आणि सगळ्या कागदांची प्रत तुझ्या स्वतःच्या ईमेलमध्ये ठेव. मुलगा कितीही चांगला असला तरी. या दोघांमधला मुलगा खरंच चांगला आहे. लीजवर तिचं नाव घालायला तो दुसऱ्याच दिवशी भाड्याच्या घराच्या एजंटकडे गेला.

तिने आईला सांगितलं. काही दिवस आई बोलली नाही. मग आईने मराठीत एक पत्र लिहून पाठवलं: मुलीने निवडलेल्या माणसाशी आपण फोनवर बोललो, तो तिची काळजी घेतो असं दिसतं, दिवाळीला दोघांनी घरी यावं. आई इथली नागरिक किंवा कायमची रहिवासी नसल्याने ते फॉर्म ८८८ म्हणून चालत नव्हतं, पण घरच्यांचं पत्र म्हणून इंग्रजी भाषांतरासह फायलीत गेलं.

परदेशात मुलं असलेल्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे. लग्नाआधी एकत्र राहणं तुम्हाला पटो वा न पटो, मुलीला ते तुमच्यापासून लपवावं लागेल असं वागू नका. तुमच्या रागाच्या भीतीने ती आपलं नाव स्वतःच्या घराच्या कागदाबाहेर ठेवते. त्या कागदावरचं नाव हाच परक्या देशात तिचा आधार असतो. तिच्याशी भांडा, वाद घाला, पण तिचा पत्ता काय आणि ती कुणाबरोबर राहते हे तुम्हाला ठाऊक असू द्या.