‘हे मला चालत नाही’ : मुलांची ॲलर्जी आणि मोठ्यांचे कान

(हर्नडन येथे रविवारी सकाळी पालक व आजी-आजोबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे, ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



आजचा विषय आहारातील ॲलर्जीचा आहे; परंतु कोणते पदार्थ टाळावेत याची यादी देण्यासाठी मी उभी राहिलेली नाही. ती यादी प्रत्येक मुलाची निराळी असते आणि ती त्याच्या डॉक्टरांनीच द्यावयाची असते. मला बोलावयाचे आहे ते त्या यादीच्या पुढच्या गोष्टीविषयी. शाळेतील जेवणाच्या सुट्टीत, मित्राच्या वाढदिवसाला किंवा आपल्याच किद्दुशच्या टेबलापाशी आई-वडील जवळ नसताना, लहान मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगता आले पाहिजे : ‘हे मला चालत नाही.’ आणि काही विपरीत घडलेच तर : ‘मला काहीतरी होत आहे.’ ही दोन वाक्ये मुलांना शिकवावी लागतात. ती ऐकून घेण्यास मात्र आपण मोठ्यांनी शिकावे लागते, आणि दुसरे शिक्षण पहिल्याहून अवघड आहे.

आपल्या मराठीत ‘वावडे’ हा शब्द फार सैल झाला आहे. कोणाला कारल्याचे वावडे असते, कोणाला कामाचे! त्यामुळे नावड, न पचणे आणि ॲलर्जी या तीन गोष्टींची सरमिसळ होते. कारले न आवडणे ही नावड. दूध पिऊन पोट फुगणे हे न पचणे. त्याने त्रास होतो, जीव जात नाही. ॲलर्जी म्हणजे शरीराच्या रक्षणयंत्रणेने अन्नातील एखाद्या प्रथिनाला शत्रू समजून त्यावर तुटून पडणे. काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास कोंडतो, रक्तदाब खाली येतो. या गंभीर अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यासाठी वाटीभर पदार्थ लागत नाही. एखाद्याला चमच्याला लागलेला अंशही पुरतो. म्हणून ‘एवढ्याशाने काय होते?’ हा प्रश्न येथे लागू पडत नाही.

‘आमच्या वेळी असले काही नव्हते,’ असे माझ्या वयाची मंडळी म्हणतात. त्यामागे मूल लाडावले आहे अशी शंका असते. तिला एक उत्तर आपल्याच समाजातून मिळाले आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील व इस्राएलमधील यहुदी शाळकरी मुलांची तुलना केली होती. शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमध्ये शेकडा १.८५ मुलांना, तर इस्राएलमध्ये शेकडा ०.१७ मुलांना आढळली. इस्राएलमधील बाळे पहिल्या वर्षातच ‘बाम्बा’सारखा शेंगदाण्याचा खाऊ खात होती, ब्रिटनमधील नव्हती. लवकर खाऊ घातल्याने धोका घटतो हे पुढे २०१५ च्या मोठ्या चाचणीत दिसून आले. यावरून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. ॲलर्जी हा मुलाचा नखरा नव्हे. आणि ज्याला ती जडली आहे, त्याला घरच्या घरी थोडेथोडे चारून ती मोडण्याचा प्रयोग कोणत्याही आजीने करू नये. अमेरिकेच्या २०२१ च्या शासकीय पाहणीत शेकडा ५.८ मुलांना अन्नाची ॲलर्जी आढळली. म्हणजे साधारण सतरा मुलांमागे एक.

आता आपल्याच व्हर्जिनियात घडलेली घटना सांगते. २०१२ च्या जानेवारीच्या आरंभी, येथून दोनेक तासांच्या अंतरावरील चेस्टरफील्ड कौंटीत, सात वर्षांच्या एका मुलीने शाळेच्या मैदानावर दुसऱ्या मुलाने दिलेला शेंगदाणा खाल्ला. त्रास सुरू होताच ती शिक्षकांकडे गेली. तिला शाळेच्या दवाखान्यात नेण्यात आले. परंतु तिच्यासाठी एपिनेफ्रिनचे इंजेक्शन तेथे नव्हते. ती वाचली नाही. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने प्रत्येक सरकारी शाळेत, कोणत्याही विशिष्ट मुलाच्या नावावर नसलेले, एपिनेफ्रिन ठेवणे बंधनकारक केले. पुढील वर्षी इतर राज्यांना तसे करण्यास उत्तेजन देणारा राष्ट्रीय कायदाही झाला.

या घटनेत ती मुलगी बोलली होती. सात वर्षांच्या मुलीने जे करावयाचे ते तिने केले. म्हणून मी म्हणते की मुलाचे बोलणे हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे ऐकणारे मोठे माणूस आणि त्याच्या हाताशी असलेले औषध.

मुलांचे बोलणे ओळखू येणेही सोपे नाही. पाच वर्षांचे मूल ‘मला श्वसनाचा त्रास होत आहे’ असे म्हणत नाही. ते म्हणते, ‘जिभेला मुंग्या आल्या’, ‘जिभेवर केस आहे’, ‘घशात काहीतरी बसले आहे’, ‘ओठ जाड झाले’. काही मुले ‘तिखट लागते’ एवढेच म्हणतात. परिचारिका म्हणून मला या एका शब्दाविषयी आपणांस बजावून सांगावेसे वाटते. गोड शिऱ्याला, केकला, दुधाला मूल ‘तिखट’ म्हणू लागले तर हसून दुसरा घास भरवू नये. घास थांबवावा आणि मुलाच्या तोंडाकडे, अंगाकडे पाहावे. काही मुले बोलतही नाहीत. जीभ ओढतात, मान खाजवतात, एकाएकी गप्प होतात किंवा मांडीत येऊन बसतात. तेही बोलणेच असते.

आपल्या मुलांना दोन भाषांत ही वाक्ये द्यावीत. आजीला कळेल असे मराठी आणि शाळेत कळेल असे इंग्रजी : ‘आय ॲम हॅविंग ॲन ॲलर्जिक रिॲक्शन. आय नीड माय एपिनेफ्रिन.’ जिच्या तोंडी ‘घसा दाटला’ एवढेच येते, ती मुलगी इंग्रजी वर्गात ऐन वेळी मुकी होईल.

हे शिक्षण वयाप्रमाणे वाढवावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला एकच नियम पुरे : आई, बाबा किंवा आजीने दिल्याखेरीज खायचे नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाने आपल्या पदार्थाचे नाव घेऊन ‘यात हे आहे का?’ असे विचारावे आणि उत्तर ‘बहुधा नाही’ असे आले तर ‘नको’ म्हणावे. नऊ-दहाव्या वर्षी त्याने वेष्टनावरील घटक आपल्यासमोर वाचावेत. बार-बाथ मित्झवाच्या वयात औषध स्वतःजवळ बाळगावे. डॉक्टरांची व पालकांची लेखी संमती असेल तर व्हर्जिनियात शाळेतही तशी मुभा आहे. किशोरवयात विशेष जपावे, कारण अन्नाच्या ॲलर्जीने होणारे मृत्यू किशोर व तरुण वयातच अधिक आढळतात. चारचौघांत वेगळे दिसण्याची लाज या वयात भयाहून मोठी होते. या सर्वांची घरी तालीम घ्यावी. आपण आग्रह करणारी मावशी व्हावे आणि मुलाने तीनदा नकार द्यावा. हसतखेळत दहा वेळा म्हटलेले वाक्य संकटात आपोआप तोंडी येते.

आपल्या घरांतील अडचण येथेच आहे. आपण कोकणातून आलेली माणसे. पाहुण्याला आग्रह करून वाढावे, पानात टाकू नये, वडीलधाऱ्यांनी दिलेले नाकारू नये, हे संस्कार आपण अभिमानाने मुलांना दिले. मग तेच मूल मलिद्याच्या ताटापुढे ‘नको’ म्हणते तेव्हा ते उद्धट ठरते. म्हणून परवानगी मोठ्यांनी उघडपणे द्यावी. ‘अन्नाला तू नाही म्हणालास तर मला राग येणार नाही,’ हे आजी-आजोबांनी स्वतः सांगावे. आई सांगते त्याहून आजीने सांगितलेले अधिक पोहोचते.

मलिद्याचेच घ्या. पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची आणि वर बदाम-पिस्ते. बदामाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी फळे आधीच निराळ्या बशीत काढून ठेवावीत. एकाच ताटातील केळे उचलून देणे सुरक्षित नव्हे. त्या फळावर बेराखा म्हणून तेही एलियाहू हन्नबीच्या मलिद्यात सर्वांसारखेच सहभागी होते. नारळाविषयी पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ च्या जानेवारीत नारळाला बदाम-अक्रोडांच्या यादीतून वगळले. बदाम न चालणाऱ्या बहुतेकांना नारळ चालतो. तथापि आपल्या मुलाचे काय ते डॉक्टरांनाच विचारावे.

तिळाकडे विशेष लक्ष द्यावे. हल्ला ब्रेडवर तीळ, हुम्मसमध्ये ताहिनी, हलव्यात तीळ, शिवाय आपली तिळाची चटणी. २०२१ च्या कायद्याने तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ ठरला आणि १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनावर त्याचे नाव छापणे अनिवार्य झाले. घरून आणलेल्या डब्यावर मात्र कोणतेही वेष्टन नसते. पेसाहात गव्हाच्या पिठाऐवजी केकमध्ये बदामाचे पीठ येते आणि अमेरिकन पद्धतीच्या हारोसेथमध्ये अक्रोड. पुरीमच्या भेटींच्या पुड्यांत काय आहे हे देणाऱ्यालाच ठाऊक असते. आणखी एक समजूत दूर करावी : कोशेरचे चिन्ह हे ॲलर्जीचे चिन्ह नव्हे. ‘पारेव’ हा हलाखाचा निर्णय आहे. तो बरोबर असूनही त्या पदार्थात दुधाच्या प्रथिनाचा सूक्ष्म अंश उरू शकतो.

मुले आणखी एक गोष्ट मनात ठेवतात, ती म्हणजे चिडवणे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अन्नाच्या ॲलर्जीवरून छळ झाल्याचे सुमारे एकतृतीयांश मुलांनी सांगितले. पदार्थ तोंडापुढे नाचवणे हाही त्याचाच प्रकार. छळ झालेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या पालकांना तो ठाऊकच नव्हता. आणि ज्यांच्या पालकांना ठाऊक होता ती मुले तुलनेने बरी होती. म्हणून शाळेतून आल्यावर ‘डबा संपवलास का?’ एवढेच विचारू नये. ‘जेवताना कोणाजवळ बसलास? कोणी काही म्हणाले का?’ असेही विचारावे.

शेवटी औषधाविषयी. गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी लावण्याची आपली रीत आहे. त्याने खाज शमेल. श्वास मोकळा होणार नाही. ॲलर्जीची नेहमीची गोळीही ॲनाफिलॅक्सिस थांबवू शकत नाही. श्वास, घसा किंवा शुद्धीवर परिणाम दिसला, किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर एपिनेफ्रिन ताबडतोब मांडीच्या बाहेरील बाजूस द्यावे. कपड्यावरूनही देता येते. मग ९११ ला कळवावे. मुलाला निजवून पाय उंच करावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे. उठून चालवू नये. पाच ते पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास दुसरी मात्रा द्यावी. बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे, कारण त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

शाब्बाथला फोन कसा करावा, असा प्रश्न मनात आणू नये. पिकुआह नेफेश, म्हणजे जीव वाचविणे, शाब्बाथहून वरचढ आहे. योमा या मसेखेथमध्ये, किप्पूरच्या दिवशी रोग्याला अन्न हवे असेल आणि वैद्य नको म्हणत असेल, तर रोग्याचे ऐकावे असा निर्णय आहे. कारण आपल्या जिवाची पीडा ज्याची त्यालाच कळते. वैद्याच्या शब्दाहून रोग्याच्या शब्दाला मान देणारी ही परंपरा आपली आहे. तोच मान सहा वर्षांच्या मुलाच्या शब्दालाही द्यावा.

पुढच्या किद्दुशपासून प्रत्येक घरच्या पदार्थापुढे त्यातील घटकांची चिठ्ठी ठेवावी, अशी माझी विनंती आहे. मूल ती वाचून आपणांस काही विचारू लागले, तर हातातील काम ठेवून त्याला उत्तर द्यावे. हाशेम आपल्या सर्व मुलांना आरोग्य व दीर्घायुष्य देवो. आमेन.