इंजिनाचं नंतर बघू

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. कोल्हापुरात तर हमखास. बरोबर आलेले दोघे-तिघे आत डोकं घालतात, कुणीतरी कान तिरका करतो आणि प्रत्येकाला वेगळाच आवाज ऐकू येतो. मुरलेला मेस्त्री मात्र तेवढ्यात पुढचं दार उघडून सीटवर बसतो आणि सीट बेल्ट ओढत राहतो, अगदी शेवटपर्यंत. रोजच्या वापरात बेल्टचा शेवटचा हातभर तुकडा रिळातून कधी बाहेरच येत नाही. गाडी धुणाऱ्याचाही हात तिथे पोचत नाही. त्या तुकड्यावर मातकट रेघ उमटलेली असली, की गाडीचं सगळं जन्मवृत्त बाहेर पडतं.

ही रेघ पंचगंगेच्या पुराची. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे पावसाळ्यात इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्क, दुधाळी अशा भागांत दारातल्या गाड्या दारातच बुडाल्या. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. पाणी उतरलं, गाड्या धुतल्या गेल्या, गाद्या वाळल्या. काही गाड्या भंगारात निघाल्या, काही विकल्या गेल्या आणि त्यानंतरही हातोहात फिरत राहिल्या. कार्पेटखालचा कुबट वास, सीटच्या रुळांवरचा गंज, हेडलाइटच्या काचेआड साचलेला गाळ, मागे स्टेपनीच्या खड्ड्यात उरलेली बारीक रेती या खुणा वर्षानुवर्षं जात नाहीत. आणि इथे जिच्याबद्दल बोलायचं आहे, त्या जुन्या डिझेल स्टेशन वॅगनच्या पोटात असे कोपरे सेडानपेक्षा जास्त.

डिझेल गाडीला पुराची भीती आणखी एका कारणाने अधिक. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते, साधारण वीस भागांचा एक भाग, की ती तापूनच इंधन पेटतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेलं असताना मालकाने ‘चालू होतीय का बघू’ म्हणून सेल मारला, तर वर येणारा पिस्टन पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेला रॉड घेऊन इंजिन चालूही राहतं. पण एक सिलिंडर कायम थोडा अशक्त असतो आणि पुढे कधीतरी भर हमरस्त्यावर तो आपला हिशेब मांडतो.

आता मुळात ही स्टेशन वॅगन म्हणजे काय भानगड? पुढून कार आणि मागे डिकीच्या जागी काचेचं उभं दार, छप्पर सरळ शेवटपर्यंत नेलेलं. अमेरिकेत रेल्वे स्टेशनवरून उतारू आणि त्यांच्या ट्रंका आणायला जी वाहनं वापरत, त्यांवरून हे नाव पडलं. युरोपात मध्यमवर्गाने ती डोक्यावर घेतली. मर्सिडीजने १९७८ पासून बनवलेल्या वॅगनमधल्या डिझेल गाड्या लाखो किलोमीटर चालण्यासाठी अजूनही नावाजल्या जातात.

आपल्याकडे तिचा प्रवास छोटा आहे आणि बराचसा पुण्यातूनच झाला. १९९२ साली टाटांनी ‘इस्टेट’ आणली. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि त्या काळी अप्रूप वाटाव्यात अशा विजेवर चालणाऱ्या खिडक्या. तिची ठेवण बघून लोकांना मर्सिडीजची वॅगन आठवायची. पुढे २००४ मध्ये ‘इंडिगो मरिना’ आली. तिला इंडिकाच्या घराण्यातलं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन होतं, त्याला टर्बोची जोड. नंतरच्या मरिनाला कॉमन रेलचं ‘डायकॉर’ इंजिन मिळालं. स्कोडाने ऑक्टाव्हियाची ‘कॉम्बी’ विकून बघितली, फियाटने ‘वीकेंड’, मारुतीने बलेनोची ‘अल्टुरा’. शेवटची दोन-चार नावं आज वाचकाला आठवत नसतील, तर त्यात त्याचा दोष नाही.

गिऱ्हाइकाने तोंड का फिरवलं? मागे डिकीचा डबा वेगळा दिसला, की ती ‘मोठी गाडी’ आणि डबा नाही तर ‘ॲम्ब्युलन्स’, असा आपला सरळ हिशेब होता. ज्यांना खरोखर जागा हवी होती ते सुमोकडे गेले, मग क्वालिसकडे आणि इनोव्हाकडे. वॅगन मधल्यामध्ये अडकली. मरिना २०१० च्या सुमारास बाजारातून गेली आणि तिच्या जाण्याने कुणाला हळहळ वाटल्याचं दिसलं नाही.

पण जे चालत नाही ते स्वस्त मिळतं. मागची सीट पाडली, की मरिनात गुळाचे रवे बसतात, चपलांची खोकी बसतात, लग्नाच्या आचाऱ्याची पातेली बसतात. आणि रविवारी तीच सीट उभी करून घरातली पाच माणसं नरसोबाच्या वाडीला जाऊन येतात. पिकअप घेतली तर आजीला कुठे बसवायचं हा प्रश्न. एसयूव्ही घेतली तर तिचा जुना भावही आवाक्याबाहेर. शिवाय वॅगनचा मागचा उंबरा खाली असतो, जड पोतं छातीपर्यंत उचलावं लागत नाही. हे कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं, पण पन्नाशी उलटलेल्या दुकानदाराच्या कमरेला ते बरोबर कळतं.

इंजिनाची बाजू इथे निराळी पडते ती गावामुळे. उसाच्या मळ्यात पाणी चढवणारी ऑइल इंजिनं या जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या ऐकली, उघडली आणि जोडली. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग आणि ओतकामाच्या गल्ल्या आहेत. पिस्टन आणि बेअरिंग बनवणारे मेनन यांचे उद्योग कोल्हापूरचेच. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत किर्लोस्करांचा इंजिनाचा कारखाना आहे. त्यामुळे साध्या यांत्रिक पंपाचं जुनं डिझेल इंजिन थकलं, तर त्याचं बोअर करणं, रिंग-पिस्टन बदलणं, हेड फेस करून घेणं, नोझल तपासणं या कामांना पुण्या-मुंबईकडे बघावं लागत नाही. इंजिन ही या गाडीतली सर्वांत अवघड वस्तू आहे, असं नवख्याला वाटतं. कोल्हापुरात ती सर्वांत सोपी वस्तू आहे. मागच्या दाराची काच मिळवणं अवघड.

ही गंमत नाही. मरिनाचा पुढचा भाग आणि यंत्रं इंडिगोशी नातं सांगणारी आहेत. इंडिका-इंडिगो गावोगाव टॅक्सी म्हणून धावल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग अजून हाताला लागतात. पण मागचं दार, त्याची काच, मागचे दिवे, बाजूच्या लांब खिडक्या हा ऐवज फक्त वॅगनचा. मागून ठोकर बसलेली गाडी म्हणूनच पैसे पाडून मिळाली तरी विचार करावा. दिव्याची एक काच शोधत भंगारवाल्यांच्या वखारी धुंडाळायची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणून आधी पत्रा, मग कागद आणि इंजिन शेवटी. शेवटी म्हणजे बघायचं नाही, असं मात्र नव्हे.

गाडी बघायला सकाळी लवकर जावं आणि ‘सुरू करून ठेवू नका’ असं आदल्या दिवशीच सांगावं. बॉनेटवर हात ठेवला, की ती आधी तापवून ठेवली आहे का ते कळतं. थंड इंजिनात चावी अर्धी फिरवली, की डॅशबोर्डवर पिवळी वेटोळी खूण उजळते. हे हीटर प्लग. ते आतली पोकळी तापवतात. खूण विझली, की सेल मारायचा. दोन-तीन फेऱ्यांत इंजिन धरलं, तर ठीक. खूप वेळ घरघर चालली आणि मग भपकन पांढरा धूर आला, तर हीटर गेलेत किंवा आतला दाब उतरलाय. पांढरा धूर मिनिटभरात गेला तर माफ. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. रेस केल्यावर काळा लोट निघाला तर नोझल, पंप किंवा साधा बुजलेला एअर फिल्टर. मग ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करून तोंडावर नुसतं ठेवायचं. किंचित थरथरलं तर चालेल. टणाटण उडायला लागलं, तर रिंगांमधून दाब खाली गळतोय. याला मेस्त्री ‘ब्लो-बाय मारतंय’ म्हणतात आणि म्हणताना मालकाकडे बघत नाहीत.

त्यानंतर पन्हाळ्याचा रस्ता. वीसेक किलोमीटरचा हा पट्टा गाडीची परीक्षा घ्यायला जणू आखून दिलाय: आधी गावातली गर्दी, मग मोकळा रस्ता आणि वाघबीळच्या पुढे चढ. एसी चालू ठेवून, चार माणसं बसवून चढावं. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकायला लागला, तर रेडिएटर किंवा हेड गास्केट यांच्याशी बोलणं करावं लागेल. टर्बोची बारीक शिट्टी ऐकू येणं साहजिक, पण किंचाळी नको. उतरताना तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर इंजिनाने गाडी धरली पाहिजे. नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्याला ब्रेक जळल्याचा वास येतो. ज्याला पुढे गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकणात जायचं आहे, त्याने हा वास पन्हाळ्यावरच घेतलेला बरा.

कागदांचं प्रकरण रुक्ष आहे, पण पैसे तिथेच बुडतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. बाजारातली प्रत्येक जुनी मरिना आता या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहे. ‘इस्टेट’ तर केव्हाच पुढे गेली. पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमांनी वीस वर्षांवरच्या कारला ते १०,००० केलं. वर राज्याचा पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, तीही बसवलेली हवी. म्हणजे लाखभराची गाडी स्वस्त दिसली, तरी ‘पासिंग कधीपर्यंत आहे’ हा पहिला प्रश्न.

परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला, की विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. थकलेली चलनंही ऑनलाइनच बघता येतात. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५, नाव बदलायला २९ आणि ३०. विम्यावर आपलं नाव चढवण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज. ‘नाव नंतर करू, गाडी वापरा हो’ असं म्हणणारा विक्रेता प्रेमळ असेलही. अपघात झाला तर नोटीस मात्र त्याच्या घरी जाते आणि प्रेम आटतं.

दिल्ली पासिंगच्या गाड्या हा वेगळा मोह. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे अंमलबजावणीत चढउतार झाले, पण तिथल्या चांगल्या गाड्या पडेल भावात बाहेरच्या राज्यांत आल्या. ऑक्टाव्हिया कॉम्बीसारखी एखादी दुर्मीळ वॅगन अशा वाटेने दिसू शकते. तिची एनओसी, इथला कर आणि एमएच-०९ क्रमांक मिळेपर्यंतचे हेलपाटे हिशेबात धरले, तर ‘पडेल भाव’ बराच उभा राहतो.

आणि इतकं करून डिझेल परवडतं का? २०१२ च्या आसपास पेट्रोल-डिझेलच्या भावात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं, तेव्हा प्रश्नच नव्हता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले आणि अंतर आक्रसलं. ढोबळ हिशेब करू. डिझेल ९० रुपये, सरासरी १६. पेट्रोल १०४ रुपये, सरासरी १४. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे सुमारे २,७०० रुपये वाचतात. ४०० किलोमीटर फिरणाऱ्याचे ७०० च्या आसपास, आणि तेवढे तर एका सर्व्हिसिंगच्या जादा ऑइलमध्ये जातात. राजारामपुरीतून महाद्वार रोडला जाऊन येणाऱ्याने जुन्या डिझेलच्या नादी लागू नये. इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणी अशी रोजची फिरती असणाऱ्याने जरूर बघावं.

जुन्या डिझेलचा धूर ही त्याची खरी काळी बाजू. या गाड्यांना आजच्या बीएस-६ डिझेलसारखा काजळी अडवणारा फिल्टर नाही. फिल्टर तुंबायची कटकट नाही हे खरं, पण ती काजळी मागे सायकलवरून येणाऱ्या पोराच्या नाकात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं आहे. नोझल आणि पंप वेळेवर तपासून घेतले, तर धूर बराच कमी होतो. शून्य होत नाही.

एक विनोद मात्र याच जिल्ह्यात घडू शकतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे जुन्या पेट्रोल गाड्यांचे मालक रबरी नळ्या आणि घसरलेल्या सरासरीच्या काळजीत असतात. हे इथेनॉल बनतं उसापासूनही, म्हणजे इथल्या साखर कारखान्यांच्या अंगणात. आणि त्याच उसाच्या बांधावरून जाणाऱ्या म्हाताऱ्या डिझेल वॅगनला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

सौदा ठरला, इसार दिला, की पहिला मुक्काम उद्यमनगर. इंडिकाच्या घराण्यातल्या या १४०५ सीसी इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला हे विकणाऱ्याला नेमकं आठवत नाही, ‘आत्ताच बदललाय’ एवढंच आठवतं. बेल्ट चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मेस्त्री कव्हर काढतो, बेल्ट दोन बोटांत धरून उलटा वाकवतो. आतल्या बाजूला बारीक भेगा उघडतात. तो काही बोलत नाही, नवा बेल्ट आणायला पोऱ्याला सायकलवर पिटाळतो.