ताऱ्यांसाठी आधी लेन्स बघा

अमावास्येला सहसा कोणी लग्न काढत नाही, हे माझ्या फार पथ्यावर पडलंय. लग्नाचे फोटो हा माझा धंदा. एप्रिल-मेच्या ऐन सराईत उत्तररात्री आकाशगंगेचा धनु राशीकडचा दाट पट्टा दक्षिणेला चांगला वर आलेला असतो आणि बिनचंद्राची रात्र मला नेमकी मोकळी मिळते. जूनपासून ढगच ढग.

मांडवात एखादा पोरगा हमखास विचारतो, "दादा, ताऱ्यांसाठी कॅमेरा कुठला घेऊ?" मी विचारतो, लेन्स कुठली आहे? बहुधा कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ असते. ती १८ मिमीवर फार तर एफ/३.५ पर्यंत उघडते. १८ भागिले ३.५, म्हणजे जेमतेम ५ मिमीचं भोक! अंधाराला सरावलेल्या तरण्या डोळ्याची बाहुलीसुद्धा ७ मिमीपर्यंत मोठी होते. ताऱ्याचा उजेड या भोकातूनच यायचा. महागडी बॉडी घेतली म्हणून ते रुंदावत नाही.

शटर जास्त वेळ उघडं ठेवावं, तर पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. अंदाजासाठी ५०० ला फोकल लेंग्थने भागतात. सेन्सर एपीएस-सी असेल तर फोकल लेंग्थ आधी दीडने गुणायची. १८ मिमीला साधारण १८ सेकंद मिळतात, ५० मिमीला सातही नाहीत. म्हणून लग्नातली माझी लाडकी ५० मिमी एफ/१.८ मृग नक्षत्रापुरती झकास, पण आकाशगंगेला तोकडी. मेगापिक्सेल भरपूर असले तर हा हिशेबही सैल वाटतो. मी बारा-तेरा सेकंदांतच आटोपतो.

एपीएस-सीवाल्यांना माझा सल्ला एकच: बॉडी जुनी, सेकंडहँड चालेल, पण लेन्स सॅमयांगच्या १६ मिमी एफ/२ सारखी घ्या. भोक ८ मिमी, म्हणजे किट लेन्सच्या जवळजवळ अडीचपट उजेड. तिला ऑटोफोकस नाही, पण रात्री त्याचं करायचं काय? लाइव्ह व्ह्यूमध्ये स्वातीचा तारा दहापट मोठा करायचा, रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे. ठिपका बारीकात बारीक झाला की रिंगवर चिकटपट्टी. अनंताच्या खुणेवर विसंबू नका. घेण्याआधी त्या लेन्सने काढलेल्या एखाद्या फोटोचे कोपरे मोठे करून बघा. काही लेन्समध्ये तिथल्या ताऱ्यांना पंख फुटतात.

ट्रायपॉड जड घ्या. घाटातला वारा हलक्याला जुमानत नाही.

उरला ट्रॅकर. तो कॅमेऱ्याला ताऱ्यांबरोबर फिरवतो, पण त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुव क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, पुण्यात साधारण साडेअठरा अंश. सह्याद्रीत तेवढ्या उंचीला डोंगर आडवा येतो. ट्रॅकरला पैसे घालण्याआधी आपल्या नेहमीच्या जागी उत्तरेकडे तोंड करून हात ताठ धरा आणि मुठीवर मूठ ठेवा. एक मूठ म्हणजे अंदाजे दहा अंश. दोन मुठींच्या वर डोंगर दिसला, तर दुसरी जागा शोधा.