दाराची ढिली कडी

श्रोतेहो, पीकपाणी, खते, जनावरांचे आजार यांविषयी आकाशवाणीवरून तुम्ही पुष्कळ ऐकता. आज मी बोलणार आहे ते एका अगदी क्षुल्लक वस्तूविषयी. दाराच्या कडीविषयी आणि दाराच्या मुठीविषयी. 'कडीवर कसलं आलंय भाषण?' असे कुणी म्हणेल. माझे एवढेच म्हणणे आहे की, ज्या खोलीत तुम्ही बसला आहात तिच्या दाराची कडी जरा हाताने हलवून पाहा. दहा घरांतली निम्मी घरे तरी मनातल्या मनात म्हणतील, 'हो, हलते खरी. बरेच दिवस झाले.' हे 'बरेच दिवस' हाच आजचा विषय आहे.

मी स्वतः शाळामास्तर. आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून एक सरकती कडी होती. तिच्या चार स्क्रूंपैकी दोन केव्हाच पडले होते. तिसरा बाहेर डोकावत असे. कधी त्या बाजूला जाणे झाले की मी तो अंगठ्याने आत दाबायचो आणि पुढे जायचो. अंगठ्याने आत जाणारा स्क्रू म्हणजे काय, हे मला कळायला हवे होते. एके दिवशी पहिलीतली एक मुलगी आत गेली, तिने कडी लावली, आणि ती उघडताना पट्टी तिरकी होऊन दांडा अडकला. मधली सुटी, अंगणात गलका. तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही. घंटा झाली, वर्ग भरले, हजेरीत तिचे नाव आले तेव्हा शोधाशोध झाली. दार उचकटून तिला बाहेर काढले. लागले काही नव्हते. पण त्यानंतर ती पोर शाळेत पाणी पिईना. पाणी प्यायले तर तिकडे जावे लागेल, म्हणून. आईने सांगितले तेव्हा आम्हांला ते समजले.

गावातल्या सुतारमामांना बोलावले. मी म्हणालो, "मामा, नवीन मोठे स्क्रू टाका." त्यांनी कडी काढली, भोकात बोट फिरवले आणि म्हणाले, "गुरुजी, स्क्रूचा काय दोष? भोकाकडं बघा की." त्या एका वाक्यात दुरुस्तीचे सगळे शास्त्र आहे. तेच आज तुम्हांला सांगतो.

स्क्रू लाकडात टिकतो तो आट्यांमुळे. त्याचे आटे लाकडाच्या तंतूंत रुतून बसतात आणि तंतू त्यांना धरून ठेवतात. हे तंतू तुटले की भोक गुळगुळीत होते, आणि मग कितीही नवा स्क्रू घाला, तो फिरतच राहतो. तंतू तुटण्याची कारणे तीन. पहिले, आपली घाई. स्क्रू पेचकसाने फिरवून बसवायचा असतो. आपण तो खिळ्यासारखा हातोडीने ठोकतो आणि शेवटचे दोन वळसे पेचकसाने देतो. असा स्क्रू दिसायला घट्ट, पण आत त्याने तंतू फाडून वाट केलेली असते. दुसरे, ऋतू. लाकूड पावसाळ्यात ओल घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक होते. वर्षानुवर्षे हे चालले की पकड सैल पडते. तिसरे, आपला हात. हलणारी मूठ ओढली की प्रत्येक वेळी स्क्रू भोकात डुलतो आणि भोक आणखी मोठे करतो. म्हणूनच आज पाच मिनिटांत होणारे काम सहा महिन्यांनी फळी बदलण्यावर जाते. वेळीच घातलेला एक टाका पुढचे दहा टाके वाचवतो, हे शिवणाइतकेच सुतारकामालाही लागू आहे.

आता उपाय. साहित्य फार लागत नाही. स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असा पेचकस, एक चाकू, गिरमिट किंवा टोच्या, लाकडी कामाचा पांढरा सरस आणि वाळलेल्या बांबूची चोय. बांबू नसेल तर गूल काढून टाकलेल्या आगकाड्या चालतील.

प्रथम नुसते आवळून पाहा. स्क्रू उजवीकडे फिरवला की आवळतो, डावीकडे फिरवला की सुटतो. आवळल्यावर तो थांबला आणि मूठ हलायची थांबली, तर काम झाले. पण तो नुसताच गरगर फिरत राहिला, तर भोक खराब झाले असे समजा.

मग स्क्रू काढा. भोकातला भुसा आणि माती काडीने कोरून फुंकून टाका. बांबूच्या चोया सरसात बुडवून भोकात भरा, पुढे शिरेनात इतक्या घट्ट. शेवटची हातोडीने हलके ठोका. बाहेर आलेली टोके चाकूने फळीबरोबर कापून घ्या. आणि आता सर्वांत अवघड काम करायचे आहे : थांबायचे. एक रात्र सरस वाळू द्या. ओल्या सरसात स्क्रू घातला तर सगळी मेहनत वाया जाते. न्हाणीघराच्या किंवा स्वच्छतागृहाच्या दाराला साधा पांढरा सरस पाण्याने सुटतो. पाण्यात टिकणारा सरस वेगळा मिळतो, तोच मागून घ्या.

दुसऱ्या दिवशी त्या बुजवलेल्या जागी गिरमिटाने बारीक भोक पाडा. भोक केवढे? गिरमिट स्क्रूसमोर धरा. स्क्रूचा मधला गाभा त्यामागे झाकला जावा आणि दोन्ही बाजूंनी फक्त आटे दिसावेत. तेवढे भोक बरोबर. मग स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण चोळा आणि हाताने फिरवत आत घाला. साबणाने तो सहज जातो, लाकूड चिरत नाही. सगळे स्क्रू आधी सैल बसवून घ्या आणि मग आळीपाळीने आवळा. एकच स्क्रू पुरता आवळून दुसऱ्याकडे गेलात तर पट्टी तिरकी बसते.

फळी जाड असेल तर आणखी एक सोपा मार्ग आहे. त्याच जाडीचा पण अर्धा इंच लांब स्क्रू घ्या, म्हणजे तो आतल्या न दुखावलेल्या लाकडात पकड घेईल. मात्र फळीची जाडी आधी मोजा. नाहीतर स्क्रूचे टोक पलीकडे निघून लेकराच्या हाताला लागायचे.

ज्या दाराला रोज जोर लागतो, म्हणजे घराचे पुढचे दार, गोठ्याचे दार, धान्याच्या खोलीचे दार, त्याला स्क्रूपेक्षा आरपार बोल्ट चांगला. जुन्या वाड्याची कडी कधी निरखून पाहिली आहे का? तिच्या मागच्या दोन तारा फळीतून आरपार काढून, फाकवून, पलीकडच्या लाकडात ठोकून बसवलेल्या असतात. ती तंतूंच्या भरवशावर राहत नाही. सगळ्या फळीलाच धरून बसते. म्हणून दोन पिढ्या वापरूनही ती हलत नाही. आपला नट-बोल्ट तेच काम करतो. बोल्टचे गोल डोके बाहेरच्या बाजूला ठेवा आणि नट घराच्या आत. उलटे केलेत तर चोराला फक्त पाना आणावा लागेल. नटाखाली रुंद वायसर घाला, म्हणजे तो लाकडात रुतणार नाही. पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या पोकळ दारांना तर हाच उपाय. तिथे स्क्रूला धरायला आत लाकूडच नसते. दोन्ही बाजूंनी रुंद वायसर हवेत, आणि बेताने आवळा, नाहीतर दार चेपेल.

अलीकडे खेड्यांतल्या नव्या घरांतही खाली दाबून उघडण्याच्या मुठी आल्या आहेत. त्यांची रचना निराळी. दाराच्या दोन बाजूंच्या दोन मुठी एका चौकोनी दांडीवर बसलेल्या असतात आणि ही दांडी कुलपाच्या पोटातून जाते. मूठ हातात निघून आली तर घाबरू नका. मुठीच्या मानेवर, बहुधा खालच्या अंगाला, एक बारीक बिनडोक्याचा स्क्रू असतो. तो ढिला झालेला असतो. मूठ दांडीवर पूर्ण सरकवा आणि तो आवळा. मूठ घट्ट असूनही लोंबत असेल, दाबल्यावर वर येत नसेल, तर आतली स्प्रिंग थकलेली असते. ती बदलावी लागते. नवी मूठ आणायला जाताना जुनी मूठ पिशवीत घालून घेऊन जा. मुठीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि दाराची जाडी कागदावर लिहून न्या. नाहीतर तालुक्याला दोन फेऱ्या ठरलेल्या!

कधी कधी कडी ठीक असते आणि दोष दुसरीकडे असतो. कडी कोयंड्यात बसत नाही म्हणून आपण कानस घेऊन कोयंडा घासत बसतो. आधी बिजागऱ्या पाहा. वरची बिजागरी ढिली झाली की दार पुढच्या अंगाने खाली बसते आणि कडी कोयंड्याच्या खाली येते. दाराखाली पाचर घालून ते मूळ जागी उचला आणि वर सांगितल्याप्रमाणे बिजागरीची भोके बुजवून स्क्रू बसवा. कडी आपोआप जागेवर येते.

आणि आषाढ-श्रावणात दार अडकते म्हणून लगेच रंधा मारू नका. फुगलेले लाकूड तासले तर उन्हाळ्यात फट पडते आणि कडी पोचेनाशी होते. दिवाळीपर्यंत थांबा, दार आपोआप सैल होते का ते पाहा. मग कोरड्या दिवसांत दाराच्या वरच्या आणि खालच्या उघड्या कडांना रंग किंवा अळशीचे तेल द्या. ओल सर्वांत जास्त तिथून शिरते, आणि नेमक्या त्याच कडा रंगारी विसरतो.

गंजलेला स्क्रू निघत नसेल तर त्यावर रॉकेलचे थेंब सोडून काही तास थांबा. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत पितळी कडीला लोखंडी स्क्रू लावू नका. दोन धातू शेजारी आले की लोखंड लवकर गंजते. पितळेला पितळीच स्क्रू घाला. कुलपात स्वयंपाकाचे तेल सोडू नका. ते चिकट होऊन धूळ धरते. शिसपेन्सिलीच्या शिसाची बारीक पूड किल्लीला लावून ती दोन-चार वेळा फिरवा.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे असावीत असे म्हटले आहे. पण भिंत बांधली आणि दाराला आतून कडीच नसली, किंवा लागल्यावर निघेनाशी झाली, तर मुलीच्या दृष्टीने ते स्वच्छतागृह नसल्यासारखेच. ती बोलत नाही. ती पाणी प्यायचे सोडते, नाहीतर घरी राहते. म्हणून दर महिन्याला एक दिवस ठरवा. शाळेतली प्रत्येक कडी आतून आणि बाहेरून लावून, काढून पाहा. कडी सर्वांत लहान मुलाच्या हाताला येते का, त्याच्या ताकदीने सरकते का, हे त्या मुलाकडूनच करवून पाहा. वरच्या वर्गांतल्या मुलामुलींना भोक बुजवायला आणि स्क्रू बसवायला शिकवा. हस्तव्यवसायाच्या तासाला याहून उपयोगी धडा कोणता?

घरातही हाच नियम. आजी न्हाणीघरात असते, नातू खेळता खेळता खोलीची कडी लावून घेतो, रात्री स्वयंपाकघरात धूर होतो. अशा वेळी दार आतून एका झटक्यात उघडले पाहिजे. तेव्हा पेचकस शोधायला वेळ नसतो.

आमच्या शाळेच्या त्या कडीचे काय झाले, ते सांगून संपवतो. सुतारमामांनी भोके बुजवली, एक रात्र थांबले, आणि दुसऱ्या दिवशी कडी बसवून वीतभर खाली आणली. त्यांनी त्या मुलीलाच बोलावले आणि म्हणाले, "बाळ, तूच लावून बघ गं." तिने दार उघडे ठेवून कडी चार वेळा सरकवली. आमच्या बाई सांगतात, त्यानंतर कितीतरी दिवस ती आत जाण्याआधी कडी दोनदा पुढेमागे करून पाहायची आणि मगच दार लावायची. पाणी मात्र ती पुन्हा पिऊ लागली.

तो तिसरा स्क्रू मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे.